सापडलेले मूल आणि भयाचा रूपबंध

डेव्हिड यारोवेस्की दिग्दर्शित 'ब्राइटबर्न' (२०१९) या चित्रपटाकडे 'सुपरमॅन'चे विडंबन म्हणून पाहता येईल. परंतु ते पाहणे अपुरे ठरेल. विडंबनात मूळ संहितेचे संकेत उलटवले जातात. येथे ते जवळजवळ जसेच्या तसे राखले आहेत : कॅन्ससमधील शेतघर, अपत्याची आस लागलेले दांपत्य, आकाशातून कोसळलेले यान, त्यातील अर्भक. बदलतो तो केवळ प्रकार, आणि प्रकार बदलताच त्याच घटना भयावह होतात. भय मूळ कथेतच दडलेले होते, असे म्हणणे मग भाग पडते.

याला इतिहासाचाही आधार आहे. जेरी सीगल व जो शुस्टर यांचा सुपरमॅन १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'मधून अवतरला. तथापि १९३३ मध्ये, स्वतःच काढलेल्या एका छोट्या नियतकालिकात, याच जोडीने हे नाव एका खलपुरुषाला दिले होते. रसायनाच्या प्रयोगातून परचित्तज्ञान लाभलेला तो कफल्लक माणूस जगावर सत्ता गाजवू पाहतो. पुढचा सोज्ज्वळ नायक ही त्याच कल्पनेची दुरुस्त आवृत्ती होय. उंबेर्तो एको यांनी १९६२ च्या निबंधात दाखवले, की हा सर्वशक्तिमान पुरुष जगाची घडी न विसकटता किरकोळ गुन्हेगारांमागे धावत राहतो. त्याची निरुपद्रविता ही स्वभावाची नव्हे, कथनाने घातलेली मर्यादा आहे.

ऑटो रँक यांनी १९०९ मध्ये वीरजन्माच्या मिथकांचा जो आराखडा मांडला (त्यांच्या उदाहरणांत आपला कर्णही आहे), त्यात टाकून दिलेले मूल सामान्य जनांकडे वाढते आणि पुढे जन्मदात्यावर उलटते. क्रिप्टॉन ग्रहच नष्ट करून सुपरमॅनच्या कर्त्यांनी सूडाचे लक्ष्य नाहीसे केले. 'ब्राइटबर्न'ला ते पालक पित्यात सापडते. काइल शिकारीच्या निमित्ताने ब्रँडनला रानात नेतो आणि पाठमोऱ्या मुलाच्या डोक्यावर गोळी झाडतो. मिथकातील अर्भकत्याग येथे बारा वर्षे उशिरा घडतो, आणि तो करणाराही पालकच असतो. चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण हाच. त्यापुढील रक्तपात त्या मानाने ठोकळेबाज वाटतो.

मात्र येथेच चित्रपटाची वैचारिक कोंडी उघड होते. वर्गात ब्रँडन इतरांच्या घरट्यात आपली पिल्ले वाढवून घेणाऱ्या गांधीलमाशीची माहिती देतो. कोठारातील यान त्याला जग काबीज करण्याची आज्ञा देते. परिणामी दुष्टत्वाचा उगम बीजात ठरतो आणि संगोपनाचा प्रश्न निकालात निघतो. जॉश ट्रँक यांच्या 'क्रॉनिकल' (२०१२) मध्ये असे होत नाही : बापाचा मार आणि आईचे आजारपण सोसणाऱ्या अँड्र्यूची शक्ती विकृत होते, तिचे कारण प्रेक्षकाला घरातच शोधावे लागते. कुलावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजात वाढलेल्या वाचकाने बीजाचा हा सिद्धान्त केवळ भयपटाचा संकेत म्हणून सोडून देऊ नये. उद्योगपर्वातील कर्ण जन्माचे रहस्य कळल्यावरही अधिरथ आणि राधेचे नाते नाकारत नाही. ब्रँडनला असा पर्यायच दिलेला नाही.

त्याला जखम करू शकते ते केवळ यानाचे धातू. अखेरीस टोरी त्याच धातूचा तुकडा आपल्या मुलावर उगारते. बारा वर्षांच्या मायेने त्या घरात जे काही साठवले, त्यातले एकही हत्यार म्हणून तिच्या हाती येत नाही.