काजवा : संकेत आणि कीटक

मराठी काव्यात काजवा येतो तो बहुधा सूर्यापुढे निष्प्रभ ठरण्यासाठी. हा संकेत संस्कृतातील ‘खद्योता’पासूनचा, पण तो काजवा का चमकतो, हे विचारीत नाही. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ हा वाक्प्रचार (अंधारीचा असूनही!) अधिक डोळस आहे, कारण त्यात निदान उघडझाप टिकून आहे. ही उघडझाप म्हणजे नर-मादीमधील संदेशच होय. अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदरा-पुरुषवाडीच्या रानात मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत ती दिसते. ‘काजवा महोत्सव’ या नव्या समासाने तिचे प्रदर्शन मांडले. मोटारींच्या दिव्यांत तो संदेश पुसला जातो. वळवाच्या सरी लांबल्या की काजव्यांचा हंगामही लांबतो. आणि रान तुटून जमीन कोरडी पडल्यास गोगलगायींवर पोसणाऱ्या अळ्यांनाच थारा उरत नाही.