मारवा आणि दरबारी : एका ध्वनिमुद्रिकेचा विचार

वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकात एखाद्या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण यावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु कलाकृती एकदा स्थिर रूपात हाती आली, की तिच्याकडे पुन्हा पुन्हा जाता येते, तिच्या अंगोपांगांचा परस्परसंबंध तपासता येतो, आणि मग तिच्या संबंधात टीकेचे तेच प्रश्न उपस्थित होतात, जे काव्याच्या किंवा कादंबरीच्या संबंधात होतात. मैफल ऐकून घरी परतणाऱ्या रसिकाजवळ केवळ स्मृती असते. ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याजवळ मात्र पाठ, म्हणजे संहिता, असते. अशी संहिता म्हणून विचार करण्यास योग्य अशा ज्या थोड्या ध्वनिमुद्रिका ख्यालगायनात झाल्या, त्यांत इंदूरचे उस्ताद अमीर खाँ ह्यांची मारवा व दरबारी ह्या दोन रागांची लाँग प्ले तबकडी अग्रभागी आहे. ती १९६०च्या सुमारास हिज मास्टर्स व्हॉइसने काढली. त्यापूर्वी त्यांच्या लहान तबकड्या निघाल्या होत्या हे खरे. तथापि त्यांची गायकी आपल्या खऱ्या आकारमानात प्रथम प्रकट झाली ती येथेच. ह्या अर्थाने हिला त्यांची पहिली कृती म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

अमीर खाँ ह्यांचा जन्म १९१२ सालचा. त्यांचे वडील शाहमीर खाँ हे इंदूरचे सारंगीवादक, आणि मुलाचे पहिले शिक्षणही सारंगीचेच झाले. पुढे वडिलांनी त्यांना मेरुखंडाच्या अभ्यासाला लावले. सात स्वरांची उलटसुलट मांडणी केली असता ५०४० प्रकार होतात. ह्या गणिताचा विचार तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त आलेला आहे. ह्या शिस्तीवर त्यांनी तीन भिन्न गायकांचे संस्कार घेतले. किराण्याच्या अब्दुल वहीद खाँ ह्यांची संथ बढत, देवासच्या रजब अली खाँ ह्यांची तान, आणि भेंडीबाजारच्या अमान अली खाँ ह्यांची सरगम ह्यांचा त्यांच्या गाण्यात मिलाफ झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ह्यांपैकी कोणाकडेही त्यांनी रीतसर दीर्घ तालीम घेतली नव्हती. ऐकून, पचवून त्यांनी आपली वाट काढली. माळव्यात त्यांच्याच काळी, देवासला राहून कुमार गंधर्वही आपली स्वतंत्र वाट शोधीत होते. घराण्याची चौकट मोडणारे हे दोन गायक एकाच मुलखात, इतक्या जवळ असावेत, हा योगायोग अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता प्रस्तुत कृतीच्या घडणीकडे वळू. ७८ गतीच्या तबकडीत एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. अमीर खाँ ज्या संथ लयीत चौदा मात्रांचा झुमरा योजीत, त्या लयीत एका आवर्तनालाच पाऊण ते एक मिनिट लागे. म्हणजे जुन्या तबकडीत त्यांचा विलंबित ख्याल तीन-चार आवर्तनांत संपवावा लागला असता. ज्याचे सारे सामर्थ्य सावकाश उलगडण्यात आहे, त्याला तीन मिनिटांत बसविणे हे खंडकाव्याचा उखाणा करण्यासारखे झाले असते. लाँग प्ले तबकडीने वीस-बावीस मिनिटांची बाजू दिली, आणि विलंबिताची पंधराच्या आसपास आवर्तने व त्यामागून एक द्रुत रचना मावू शकेल इतका अवकाश निर्माण झाला. यंत्राने घातलेली मर्यादा यंत्रानेच सैल केली, आणि ती सैल होताच तिचा लाभ घेण्यास जी गायकी सर्वांत सिद्ध होती, ती पुढे आली.

तरीही वीस मिनिटे म्हणजे मैफलीतला तास नव्हे. येथे अमीर खाँ ह्यांनी जो मार्ग पत्करला त्यात त्यांची कलादृष्टी दिसते. वेळ थोडा म्हणून त्यांनी लय वाढविली नाही. मजकूर कमी केला. मारव्यात पंचम वर्ज्य आहे आणि षड्जावर विसावा घेण्याचे टाळल्याने रागाला त्याचे विशिष्ट अधांतरीपण येते. खाँसाहेब मंद्र सप्तकातील धैवत-निषादापासून आरंभ करतात, कोमल ऋषभाला वारंवार स्पर्श करतात आणि षड्ज जवळ असूनही तो लांबणीवर टाकीत राहतात. प्रत्येक आवर्तनात फार तर एक नवा स्वर किंवा एक नवी मांडणी येते. संध्याकाळच्या प्रकाशात वस्तू एकेक करून दिसेनाशा व्हाव्यात, तशी ही बढत आहे. तिच्यात वस्तू एकेक करून दिसू लागतात एवढाच फरक. केशवसुतांनी सुनीत मराठीत आणले तेव्हा चौदा ओळींच्या मर्यादेनेच काही कवींना विचार रेखीव करण्यास शिकविले. ह्या बावीस मिनिटांनी तेच कार्य येथे केले आहे.

दुसऱ्या बाजूचा दरबारी अधिक परिचित राग, आणि म्हणून अधिक कठीण. गांधाराचे आंदोलन आणि मंद्रातील गांभीर्य ह्या दोन गोष्टी इतक्या गायकांनी इतक्या वेळा सिद्ध केल्या आहेत, की त्यांत नवे काही करणे म्हणजे बहुधा काही बिघडविणेच होते. अमीर खाँ काही नवे करीत नाहीत. भोवतालचे सारे काढून टाकून ते राग तेवढा ठेवतात. तबल्याचा ठेका साधा असतो, सारंगीची साथ नसते. सारंगीवादकाच्या पुत्राने सारंगी दूर ठेवावी हे वरवर विसंगत वाटेल. पण सारंगी गळ्याची छाया धरून चालते, प्रत्येक स्वराचा प्रतिध्वनी देते, आणि ह्या गायनात स्वरानंतरची शांतता ही स्वराइतकीच घटक आहे. प्रतिध्वनी आला की ती शांतता नाहीशी होते.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ ह्या ग्रंथात लयीची जी तत्त्वे सांगितली, संवाद, विरोध व समतोल, ती ह्या कृतीला लावून पाहण्याजोगी आहेत. आपल्याकडील ख्यालात विरोध बहुधा गायक आणि तबला ह्यांच्यात उभा राहतो. बोलांची ओढाताण होते आणि समेवर समतोल साधतो. अमीर खाँ ह्यांनी हा विरोध तालातून काढून स्वरांत नेला. मारव्यात ऋषभ आणि अव्यक्त षड्ज ह्यांतील ताण हाच त्यांचा विरोध, आणि षड्ज येतो तोच त्यांचा समतोल. सम येते, पण टाळी घेण्यासाठी येत नाही.

ह्याच ठिकाणी तिच्या स्वागताचा प्रश्न उपस्थित होतो. सामान्य श्रोत्याला अमीर खाँ हे नाव ‘बैजू बावरा’ (१९५२) ह्या बोलपटातील द. वि. पलुस्कर ह्यांच्याबरोबरच्या गायनामुळे व ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) ह्या बोलपटाच्या शीर्षकगीतामुळे ठाऊक होते. त्या चपळ, तेजस्वी गायनाची अपेक्षा बाळगून जो ही तबकडी ऐकेल, तो प्रथम गोंधळल्यावाचून राहणार नाही. जाणकारांतही दोन तट पडले. एका तटाच्या मते हे स्वरांचे ध्यान होते; दुसऱ्याच्या मते ह्यात लयीचा खेळ नाही, बोलअंग नाही, शब्द अस्पष्ट आहेत आणि विलंबितातला अंतरा पुष्कळदा गाळलेला असतो. बोलतानेवर आणि लयकारीवर पोसलेल्या महाराष्ट्रातील श्रोतृवर्गाला हा आक्षेप स्वाभाविक वाटावा यात नवल नाही.

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांच्या नावाने वसले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे हिंगोट युद्ध होते. हिंगोटाच्या पोकळ फळात दारू भरून ती पेटती फळे एकमेकांवर फेकतात. गौतमपुऱ्याच्या पक्षाला ‘तुर्रा’ म्हणतात आणि शेजारच्या रुणजीच्या पक्षाला ‘कलगी’. ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. आपल्या शाहिरीतही तुरेवाले शिवाचा कैवार घेतात आणि कलगीवाले शक्तीचा. रात्र रात्र सवालजवाब चालतात. परंतु ज्यांना ह्या वादाचे मर्म ठाऊक आहे ते जाणतात, की शिवावाचून शक्ती नाही आणि शक्तीवाचून शिव नाही. अमीर खाँ ह्यांच्या गायनासंबंधीचा स्वर विरुद्ध लय हा वाद ह्याच जातीचा आहे. त्यांच्या गाण्यात लय नाही असे नव्हे. ती इतकी खोल गेली आहे, की तिचा आवाज होत नाही.

हे लक्षात घेण्याचे आणखी एक कारण आहे. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले, आणि रेडिओ व तबकडी ह्यांच्या द्वारे ख्याल दरबाराबाहेर, गौतमपुऱ्यासारख्या गावांच्या कानापर्यंत जाऊ शकला. होळकरांच्या आश्रयाने वाढलेली कला होळकरांच्या प्रजेला खऱ्या अर्थाने उपलब्ध झाली ती संस्थान गेल्यावर. मैफलीला न बोलावलेल्या ह्या श्रोत्याला दाद देण्याची घाई नसते; तो एकटा ऐकतो. समेवर टाळी न मागणारे गायन अशा एकट्या श्रोत्याला अधिक जवळचे वाटावे, हे उघड आहे.

शब्दांसंबंधीचा आक्षेप मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने सहज सोडून देता कामा नये. बंदिशीचा अंतरा गाळला, तर तिचे अर्धे काव्य जाते; अर्धे कडवे छापून कोणी कविता पुरी झाली म्हणत नाही. परंतु ह्याच गायकाने ‘सुररंग’ ह्या नावाने बंदिशी रचल्या. तराण्याचे जे बोल निरर्थक मानले जात, त्यांत अर्थ आहे असे प्रतिपादून त्याचा संबंध अमीर खुसरोच्या सूफी परंपरेशी जोडण्याचा यत्नही त्यांनीच केला. प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेत दरबारीच्या शेवटी येणारा तराणा फारसी काव्यपंक्ती पोटात घेऊनच येतो. सार्थ शब्द पुसट करणारा आणि निरर्थक अक्षरांत अर्थ शोधणारा गायक एकच आहे, ह्या विरोधाची संगती लावल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही. आमच्या मते संगती अशी आहे : शब्द त्यांना वर्णनासाठी नको होता, नामस्मरणासाठी हवा होता. नाम घेणारा वाक्य पुरे करीत नाही. तो एकाच अक्षराकडे परत परत जातो. ह्या भूमिकेत गंभीर सौंदर्य आहे, पण तिची किंमतही आहे. दोन्ही बाजूंचा भाव एकच, अंतर्मुख आहे; शृंगाराची खेळकर छटा, लाडिक तक्रार, विनोद ह्यांना येथे थारा नाही. ख्यालाचे विश्व ह्याहून विस्तृत आहे, हे नमूद केले पाहिजे.

ह्या कृतीचा खरा स्वीकार पुढील पिढीच्या गळ्यांत झाला. पंडित अमरनाथ व सिंहबंधू ह्यांनी ती गायकी शिष्य म्हणून चालविली. सतारीवर निखिल बॅनर्जी ह्यांनी तिचा संस्कार घेतला. मराठी वाचकांना सर्वांत जवळचे उदाहरण प्रभा अत्रे (१९३२-२०२४) ह्यांचे. अमीर खाँ ह्यांचा प्रभाव त्यांनी मोकळेपणाने मान्य केला, आणि तरीही मारुबिहाग-कलावतीच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत कोणाचीही छाया म्हणून त्या उभ्या राहत नाहीत. शब्दांना त्यांनी पुन्हा उजेडात आणले, भाव कोवळा केला, आणि घेतली ती शिस्त. अनुकरण आणि परंपरा ह्यांतील भेद येथे स्पष्ट होतो. अनेकांनी ह्या तबकडीतून केवळ संथपणा उचलला. मेरुखंडाची चिकाटी मागे राहिली, आणि मग संथपणा म्हणजे नुसता उशीर झाला. संहिता स्थिर झाली की तिचा पोथी म्हणून पाठ करणारे निघतात, हा धोका वाङ्मयाला चांगलाच परिचित आहे.

अमीर खाँ १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यास मोटार-अपघातात निधन पावले. हयातीत त्यांच्या लाँग प्ले तबकड्या फार थोड्या निघाल्या. त्यामुळे ह्या पहिल्या कृतीवर संपूर्ण गायकीचे प्रातिनिधिक स्वरूप होण्याचा भार पडला, आणि तो तिने पेलला आहे. मारव्याची बाजू पूर्णत्वाला पोहोचते; दरबारीची बाजू थोर आहे, पण तिच्यातील द्रुत भागाला आणखी अवकाश हवा होता असे वाटत राहते. मोठ्या कलाकृतीत राहून गेलेल्या उणिवेतूनही तिचे माप कळते, आणि ते माप घेण्यासाठी ह्या ध्वनिमुद्रिकेकडे अभ्यासकांना यापुढेही यावे लागेल.