'श्वास' आणि अल्पखर्चाचे कौतुक

पनवेलच्या एका तरुणाने परवा आम्हांस आपल्या नियोजित चित्रपटाची संहिता वाचून दाखविली. एक जुना वाडा, एक रात्र आणि दोन पात्रे. "पात्रे दोनच का?" असे आम्ही विचारताच तो म्हणाला, "तिसऱ्याला द्यायला पैसे नाहीत, काका." उत्तर प्रांजळ खरे, परंतु कलेच्या दृष्टीने ते उत्तरच नव्हे.

निर्धनतेचे कौतुक करण्याची आपली खोड जुनी आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यासाठी दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, तारामती साळुंके नामक पुरुषाने रंगविली, ही हकीकत घरोघर ठाऊक असते. त्या चित्रातील दृश्ये कशी रचली आहेत याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. संदीप सावंत यांच्या 'श्वास' (२००४) या चित्रपटाचीही तीच गत झाली. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीस प्रथमच मिळाला, ऑस्करसाठी भारतातर्फे त्याची निवड झाली, तेथील प्रचारासाठी लोकांनी वर्गणी जमविली. आणि त्या वर्गणीच्या कौतुकात खुद्द चित्राचे परीक्षण राहूनच गेले.

वस्तुतः येथील पात्रे थोडी आहेत, ती पैशांच्या अभावी आहेत असे क्षणभरही वाटत नाही. डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रासलेला परशुराम, त्यास कोकणातून शहरात घेऊन आलेले आजोबा, डॉक्टर साने आणि रुग्णालयातील समाजसेविका आसावरी. जीव राखावयाचा तर दृष्टी गमवावी लागणार. हे त्या पोराला सांगावयाचे कोणी? या एका प्रश्नास इतकीच माणसे पुरतात. अधिक असती, तर सांगण्याचा भार वाटला गेला असता आणि आजोबा सुटले असते.

शस्त्रक्रिया लांबते तेव्हा आजोबा नातवाला घेऊन कोणास न सांगता रुग्णालयाबाहेर पडतात, आणि त्याला जग पाहून घेऊ देतात. हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. शहर नित्याचेच, रस्ते नित्याचेच. परंतु हे पाहणारे डोळे उद्या राहणार नाहीत, एवढ्या जाणिवेने त्या रस्त्यांना जे तेज चढते ते कोणत्याही खर्चिक नेपथ्याने चढले नसते. अरुण नलावडे यांनी येथे रडण्याचा मोह टाळला आहे. अश्विन चितळे हा बालनटही 'गोंडस' होऊ पाहत नाही. तो चिडतो, हट्ट करतो, आणि म्हणूनच त्याची भीती खरी वाटते.

दोष नाहीत असे नाही. आसावरीच्या तोंडचे काही संवाद, आजोबांच्या मुद्रेने अगोदरच सांगितलेले पुन्हा सांगत बसतात. येथे 'बिचाऱ्यांजवळ पैसा नव्हता' ही सबब चालणार नाही. वाक्ये गाळावयास पैसा लागत नाही. दयेपोटी असे दोष झाकले, की पुढचा होतकरू दिग्दर्शक तेच पुन्हा करतो.

आमच्या त्या तरुणास आम्ही शेवटी इतकेच विचारले, "त्या रात्री वाड्याचे दार तिसऱ्या कोणी ठोठावले, तर तुझी गोष्ट मोडते का?" त्याने बराच वेळ विचार केला. मग वही मिटून म्हणाला, "पुन्हा लिहून आणतो, काका."