‘छातीत पाणी’ : एका रूढ शब्दप्रयोगाची चिकित्सा

‘छातीत पाणी झाले’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात सर्वत्र, तसाच जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतही रूढ आहे. प्रत्यक्ष फुप्फुसात पाणी भरणे आणि फुप्फुसाभोवतीच्या दोन आवरणांमध्ये द्रव साठणे, या भिन्न अवस्था तो एकत्र करतो. त्याहून गंभीर मर्यादा अशी की, तो कारण सांगत नाही. रुग्णास प्रगत कर्करोग असेल तर ‘पाणी कर्करोगाचेच’ असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाची चिकित्सा आवश्यक ठरते.

गृहीतक निराधार नाही. स्तनाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगात आवरणावर कर्कपेशी पसरून द्रव साठणे नित्याचे आहे. तथापि त्याच रुग्णात अन्य कारणेही संभवतात. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात छातीतील मुख्य लसिकावाहिनी अवरुद्ध झाल्यास द्रव दुधासारखा दिसतो; त्यातील ट्रायग्लिसराइड बहुधा ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा अधिक असते. ओटीपोटातील गाठीने मूत्रमार्ग अडल्यास क्वचित मूत्रच छातीत उतरते. तेव्हा द्रवातील क्रिएटिनिन रक्तातील प्रमाणाहून जास्त आढळते. रक्ताच्या एका कर्करोगावरील डासाटिनिब या औषधानेही द्रव साठतो. क्षयरोग तर आपल्याकडे दुर्मीळ नाहीच. एडीए चाचणी त्याच्या निदानास साह्य करते. मात्र लसिकाग्रंथींच्या कर्करोगातही ती वाढू शकते.

१९३७ मध्ये मेग्ज व कॅस यांनी वर्णिलेली अवस्था याहून बोलकी आहे. अंडाशयातील साध्या गाठीसोबत पोटात व छातीत द्रव साठतो, चित्र प्रगत कर्करोगाचे भासते. परंतु गाठ काढताच द्रव नाहीसा होतो. येथे ‘प्रगत’ हे विशेषणच चुकीचे ठरते.

भीमाशंकर परिसरातील वाड्यांमधून घोडेगाव, मंचर आणि तेथून पुणे हा प्रवास रुग्णास व कुटुंबास सोपा नाही. म्हणूनच प्रथम काढलेला द्रव न तपासता टाकून देणे परवडणारे नाही. प्रथिने, एलडीएच व पेशी यांची तपासणी त्याच नमुन्यावर होऊ शकते. पेशीतपासणीत कर्करोग सुमारे ६० टक्के रुग्णांतच सापडतो, हेही ध्यानी घ्यावे. नकारार्थी अहवालाने कर्करोग नाकारला जात नाही.

अखेरच्या दिवसांतील रुग्णास तपासण्यांपेक्षा श्वासाचा आराम अधिक मोलाचा असतो, हे मान्यच करावे लागेल. परंतु तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असावा. शब्दाच्या सवयीने झालेला नसावा. क्षयरोगावर औषध आहे, डासाटिनिब थांबवता येते, अडलेला मूत्रमार्ग मोकळा करता येतो. ‘छातीत पाणी झाले’ या वाक्यानंतर ‘कशामुळे?’ हा प्रश्न विचारला जाणे, एवढीच येथे अपेक्षा आहे.