वेष्टन आणि छाट

धूम्रपानासंबंधी या पृष्ठांत लिहावे किंवा न लिहावे, याचा आम्ही बराच विचार केला. ही पृष्ठे घरातील लहानथोर सर्वच वाचतात. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, या व्यसनाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. विडीच्या धुरातील डांबर व निकोटिन सिगारेटीच्या मानाने कमी नसून उलट अधिकच असते; आणि सिगारीचा धूर छातीत न घेता नुसता तोंडात खेळविणारासही मुखाचा कर्करोग सोडीत नाही. परंतु जो विषय आमच्यापुढे आला आहे तो धुराचा नसून परीक्षणाचा आहे, आणि परीक्षण हा तर आमचा नित्याचाच धंदा.

प्रसंग असा. गेल्या हंगामात आम्ही जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाई येथे एका स्नेह्यांकडे चार दिवस मुक्कामास होतो. भोकरदन तालुक्यातील हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, व आमचे यजमानही त्याच व्यापारातले. त्यांचे धाकटे बंधू परदेशातून आलेले होते. रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी ओसरीवर एक लाकडी पेटी उघडली, तीतून तीन निरनिराळ्या घाटांच्या सिगारी काढून सतरंजीवर मांडल्या, आणि पेटीबरोबर आलेली एक लहानशी इंग्रजी पुस्तिका आमच्या हाती दिली. सिगारीचे आकार, घाट व वेष्टने कशी ओळखावीत, एवढाच तिचा विषय. ग्रंथपरीक्षण करणाराच्या हाती कोणतेही छापील कागद पडले की तो ते परीक्षणार्थ आले आहेत असे समजतो. आम्हीही तसेच समजलो.

पुस्तिका चांगली आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. सिगारीची लांबी इंचांत सांगतात आणि जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. म्हणजे पन्नास अंकाची सिगार पाऊण इंचाहून किंचित जाड, हे तिने चार ओळींत समजाविले आहे. ‘कोरोना’ ही मध्यम बांध्याची, जिच्या मापाने इतरांची मापे ओळखावयाची, ‘रोबुस्टो’ आखूड आणि जाड, सुमारे पाच इंचांची, ‘चर्चिल’ सात इंच लांब व सत्तेचाळीस अंक जाड, आणि हे नाव कोणाचे ते सांगावयास नकोच, ‘पानातेला’ सडपातळ. या सर्व सरळ अंगाच्या. याखेरीज टोकाला निमुळत्या होणाऱ्या, मधे फुगीर व दोन्ही टोकांस बारीक अशा आकृतींच्याही असतात. सिगारीच्या पोटात एक पाला असतो, त्याला बांधून धरणारे दुसरे पान असते, आणि सर्वांवर चढविलेले तिसरे पान म्हणजे वेष्टन. हे वेष्टन पुस्तिकेच्या मते सिगारीचे सर्वस्व. अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात १९०० च्या सुमारापासून शेतांवर कापडाचे मांडव घालून, उन्हाची तिरीप न लागू देता, फिक्या रंगाचे तलम पान पिकवू लागले, ते केवळ वेष्टनासाठी. पान अधिक काळ मुरविले म्हणजे ते काळपट व गोडसर होते. त्याचे नाव ‘मादुरो’, म्हणजे पिकलेले. अर्ध्याहून अधिक चव वेष्टनाची, असे पुस्तिका ठासून सांगते.

हे वाक्य आम्ही मोठ्याने वाचले तेव्हा यजमानांस मुळीच आश्चर्य वाटले नाही. “मग? मिरचीचं काय वेगळं आहे?” ते म्हणाले. बाजारात पोत्याच्या तळातून मूठभर मिरची वर काढावयाची, लांबी पाहावयाची, देठ हिरवा आहे की नाही ते पाहावयाचे, सालीवरची चमक पाहावयाची, आणि भाव बोलावयाचा. तिखटपणा कोणी चाखून बघत नाही. आत काय आहे ते वरून ओळखण्याची विद्या जगभर एकच असावी, असे आम्हांस वाटले.

येथवर पुस्तिकेशी आमचे भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढे. साठ पृष्ठांच्या त्या पुस्तिकेत ‘मलईसारखी’, ‘लाकडाच्या सुगंधाची’, ‘कोकोची आठवण करून देणारी’ अशी विशेषणांची लयलूट आहे, आणि सिगार वळणाऱ्या माणसाचे चित्र एक. त्यातही त्याचे नुसते हात. एका आकारापाशी तर पुस्तिकाकार उगीचच घाईने पुढे गेले आहेत. ‘कुलेब्रा’, म्हणजे सर्प, नावाच्या तीन बारीक सिगारी एकमेकींत वेणीसारख्या पिळलेल्या असतात. त्यांच्याविषयी अशी कथा प्रचलित आहे की, कामगारांना रोज स्वतःपुरत्या ज्या सिगारी मिळत, त्या अशा वाकड्या करून देत, म्हणजे चांगला सरळ माल कोणी चोरून ओढीत असेल तर दुरूनच ओळखू यावा. कथा खरी असो वा खोटी. पुस्तिका मात्र या आकारास ‘मौजेचा’ म्हणते आणि पान उलटते.

हा दोष एकट्या पुस्तिकेचा नव्हे. शेरलॉक होम्स १८८७ मधील त्याच्या पहिल्याच कादंबरीत जमिनीवरील राख पाहून सांगतो की, खुनी माणूस त्रिचनापल्लीची सिगार ओढीत होता. आणि १८९० मधील दुसऱ्या कादंबरीत, एकशेचाळीस प्रकारच्या तंबाखूंच्या राखेवर आपण निबंध लिहिल्याचे अभिमानाने सांगतो. राखेवरून ओढणारा ओळखण्याची ही हातोटी वाचकांस अद्याप मोहिनी घालते. आमच्याकडेही तेच. ‘चिरूट’ हा शब्द मूळचा तमिळ, ‘शुरुट्टु’, म्हणजे वळकटी. तो वळणाऱ्या हाताच्या क्रियेवरून आला. पण मराठी गोष्टीत चिरूट पेटला की वाचकाने समजावयाचे, पात्र साहेब आहे किंवा साहेबी वळणाचे आहे. शब्दातून हात गळून पडला आणि ओठ तेवढे राहिले.

याला एक अपवाद आम्हांस ठाऊक आहे, आणि तो वाङ्मयप्रेमी वाचकांस रुचेल. हवानातील सिगारीच्या कारखान्यांत १८६५ पासून, कामगार ओळीने बसून पाने वळीत असता, एक वाचक उंच आसनावर बसून वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवीत असे, आणि त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत. ‘मोंतेक्रिस्तो’ हे सिगारीचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून पडले, ते या श्रवणभक्तीचे फळ होय असे सांगतात. केरळात कण्णूरकडील विडी कारखान्यांतही अशा वाचनाची चाल होती, आणि १९६९ साली तेथे कामगारांच्या सहकारातून ‘दिनेश बिडी’ उभी राहिल्यावर तीही चाल पुढे चालू राहिली. आमच्याकडे सिन्नरला, सोलापूरला विडीचे काम बहुतांशी बायकांच्या हाती आणि घरोघर विखुरलेले. मांडीवर सूप, बाजूला पाळणा. तेथे वाचावयास कोण बसणार, आणि कोणाला वाचून दाखविणार?

आता त्या रात्रीकडे वळतो. आमच्या यजमानांच्या विहीणबाई सिन्नरकडच्या. तरुणपणी त्यांनी पुष्कळ वर्षे विड्या वळल्या होत्या, हे त्या घरात कोणी लपवीत नसे व कोणी सांगतही नसे. त्या दाराशी बसून ऐकत होत्या. पाहुण्यांनी थट्टेने एक सिगार त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, पदराने हात पुसून बोटांत फिरविली, आणि तीन गोष्टी सांगितल्या. “शीर राहिलीय पानाला. सांधा वाकडा गेलाय. आणि दोरा कुठंय? नुसतं चिकटवलंय, दादा.” मग परत देत म्हणाल्या, “आमच्याकडं ही छाटात गेली असती.”

साठ पृष्ठांच्या पुस्तिकेत न सापडणारे परीक्षण आम्ही तीन वाक्यांत ऐकले. मग त्यांना विचारून घेतले ते येथे थोडक्यात नोंदवितो. तेंदूचे, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचे पान उन्हाळ्यात जंगलातून येते. (पूर्वी आपट्याच्या पानाचीही विडी होत असे, दसऱ्याचे सोने आणि विडीचे वेष्टन एकाच झाडाचे, ही गंमत आमच्या लक्षात पूर्वी आली नव्हती.) पान रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावयाचे, नाहीतर वळताना तडकते. सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने मापाबरोबर कापावयाचे. जाड शीर खरवडून काढावयाची. चिमूटभर तंबाखू पसरून बोटांनी असे वळावयाचे की एक टोक निमुळते व्हावे. दुसऱ्या टोकाचे तोंड दुमडून बंद करावयाचे. आणि कारखान्याच्या ठरलेल्या रंगाचा दोरा बांधावयाचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मजुरीचा हिशेब हजारावर. भिजविलेले पान किती वेळात आवळते, जंगलचे कोणते पान वळणास गोड आणि कोणते आडमुठे, हे सर्व त्यांना ठाऊक. ‘मादुरो’ व ‘क्लारो’ यांत जो सूक्ष्म भेद रसिक करतो, त्याहून तो कमी सूक्ष्म नाही. भेद इतकाच की रसिकाचा अंदाज चुकला तर एक संध्याकाळ बिघडते, आणि या बाईंचा चुकला तर त्या दिवसाची चूल.

कारण विडीलाही परीक्षक असतो. संध्याकाळी माल घेऊन कारखान्यात गेले की मुनशी कट्टे हाती घेतो, कोणती विडी पोकळ, कोणती आखूड, कोणत्या पानाला छिद्र, ते पाहून बाजूला टाकतो. बाजूला पडलेली ती छाट. तिची मजुरी नाही. आम्ही ग्रंथांची छाट करतो तेव्हा लेखकाचा फार तर अभिमान दुखावतो, म्हणून मुनशीशी आमची तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतो. येथे सरकारने मात्र समीक्षेच्या प्रांतात पाऊल टाकले आहे. विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींविषयी १९६६ साली जो कायदा झाला, त्याने या दोन दूरच्या बहिणींना एकाच मथळ्याखाली आणले. इतकेच नव्हे, तर माल नाकारण्यावरून व नाकारलेल्या मालाच्या मजुरीवरून तंटा झाल्यास तो कोणापुढे न्यावा याचीही तरतूद केली. राज्यांच्या नियमांनी छाटीला शेकडेवारीची मर्यादाही घातली. विडीचा आकार बरा की वाईट, हे ठरविणाराच्या लहरीला कायद्याने लगाम घालावा लागला, यावरून त्या लहरीची किंमत कळते. हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत सामावून घेण्याचे ठरले. आणि घरी बसून वळणाऱ्या बाईपर्यंत यातले किती पोहोचते, हा प्रश्न दोन्ही वेळा तसाच राहिला.

पुस्तिकेच्या शेवटी पारिभाषिक शब्दांचा कोश आहे. त्याच्या कोऱ्या समासात आम्ही पेन्सिलीने ‘छाट’, ‘कट्टा’, ‘सांधा’ असे काही शब्द टिपून ठेवले. पाहुण्यांनी हरकत घेतली नाही. उलट त्यांनी विहीणबाईंना उत्सुकतेने विचारले, “मग त्या छाटलेल्या विड्या कारखानदार फेकून देत असे काय?”

विहीणबाई पाय सावरून उठल्या. “फेकील कशाला, दादा?” त्या म्हणाल्या, “पैसे तेवढे आम्हाला देत नसे. विड्या ओढल्या जातच होत्या.”