मीटरमधलं शून्य

पत्रिकेत आजचा विषय 'घरगुती ऊर्जा आणि विदाधारित प्रारूपे' असा छापला आहे. विदा म्हणजे डेटा आणि प्रारूप म्हणजे मॉडेल. आम्ही डेटा आणि मॉडेल असंच म्हणणार, कारण परभणीत तुम्हीही तेच म्हणता.

कल्पना सोपी आहे. स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची वीज नोंदवतो. अशा हजारो घरांच्या नोंदी, सोबत हवामान, घराचं क्षेत्रफळ, माणसं किती, हे सगळं संगणकाला दिलं की तो त्यातून शिकतो आणि सांगतो: या घराच्या छताला उष्णतारोधक थर द्या, त्या घरातला फ्रिज बदला, इतके युनिट वाचतील. आम्हाला याचं वावडं नाही. वीजबिलावरचा बारा महिन्यांचा आलेख आपण बघतोच, त्याचाच हा शहाणा नातू म्हणा. आमचा आक्षेप एकाच जागी आहे: हे मॉडेल शून्याचा अर्थ काय लावतं?

भाट्ट मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. कोपऱ्यात माठ नाही हे कशावरून कळलं? तो दिसत नाही यावरून. पण या परंपरेत त्याला एक अट आहे, अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे काय, तर माठ असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत. अंधाऱ्या खोलीत माठ दिसला नाही म्हणून 'माठ नाही' असं म्हणता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातल्या चार घरांचे मीटर डोळ्यांपुढे आणा. चौघांवर आकडा शून्याच्या आसपास. पहिल्या घराला कुलूप आहे, जिंतूरकडचं कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलं. दुसऱ्या घरात माणसं आहेत, वीज नाही. लोडशेडिंगचे ते दिवस तुम्हाला आम्ही सांगायला नकोत. तिसरं घर माळवदाचं: जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. मे महिन्यातलं दुपारचं ऊन आत पोचायला संध्याकाळ होते, तोवर मंडळी अंथरूण घेऊन माळवदावर. त्या घराला विजेची फारशी गरजच नाही. (पावसाळ्याआधी माळवद निगुतीनं लिंपावं लागतं, आणि ते करणारे हात आता कमी झालेत, हा वेगळा विषय.) चौथं घर पत्र्याचं. सूर्य वर आला की पत्रा तापतो, आत बसवत नाही. तरी बिलाच्या धाकानं पंखा फक्त रात्री. दुपार लिंबाखाली.

चार घरं, चार कारणं, आकडा एक. मीटरनं आपलं काम चोख केलं, पण त्या खोलीत उजेड नव्हता. मॉडेल तिसऱ्या आणि चौथ्या घराला एका रांगेत बसवतं आणि दोघांनाही 'कार्यक्षम' म्हणतं. उद्या एखाद्या योजनेचा पैसा 'किती युनिट वाचतील' या हिशेबानं वाटला, तर पत्र्याचं घर यादीत शेवटी जाणार. वाचवायला त्याच्याकडे युनिटच नाहीत.

ही फक्त मराठवाड्याची तक्रार समजू नका. केंब्रिजच्या सुनिका-ब्लांक आणि गॅल्विन यांनी 2012 साली सुमारे 3,400 जर्मन घरांचा हिशेब मांडला. कागदावरच्या गणितापेक्षा प्रत्यक्ष वापर सरासरी 30 टक्के कमी निघाला, आणि घर जितकं वाईट तितकी ही तफावत मोठी. तिथे माणसं थंडीत कुडकुडत होती, इथे उन्हात भाजतात.

मग मॉडेल शिकली कुठे? या क्षेत्रात खूप वापरलेला एक डेटासंच एमआयटीचा, 2011 सालचा: बॉस्टन भागातली सहा घरं. दिल्लीतला 2013 सालचा संच एका घराचा, 73 दिवसांचा. संशोधनाची सुरुवात म्हणून दोन्ही मोलाचे. पण गंगाखेडच्या पत्र्याबद्दल त्यांना काय विचारणार?

आपल्याकडे दुसरी वाट काढणारेही आहेत. पुण्याच्या 'प्रयास'नं 2007 पासून विजेचा पुरवठाच नोंदवायला घेतला, घरात वीज आहे की नाही आणि व्होल्टेज किती, मिनिटामिनिटाला. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी खोलीत दिवा लावला. निदान कुठलं शून्य पुरवठ्याचं, एवढं तरी कळतं. केंद्राची 2018 ची 'इको-निवास संहिता' मीटरला न विचारता भिंतीलाच विचारते: दर चौरस मीटरमधून आत येणारी उष्णता सरासरी 15 वॅटच्या आत हवी. प्रश्न बरोबर आहे. पण ती संहिता 500 चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडासाठी आहे. म्हणजे जवळजवळ पाच गुंठे! तेवढ्या जागेत आपल्याकडे एक अख्खी गल्ली राहते.

आमचं मागणं फार नाही. मीटरच्या नोंदीला खोलीतल्या तापमानाची नोंद जोडा. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा बाहेरचा असतो, पत्र्याखालचा नव्हे. रात्री अकराला आत 36 अंश आणि मीटरवर एकच पंखा, असं घर यादीत वर आलं पाहिजे. हेही जमणार नसेल तर अर्जात 'गेल्या बारा महिन्यांचे युनिट' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढा: छत कशाचं? माळवद, पत्रा की स्लॅब. घरमालकाला तो भरायला सेन्सर लागत नाही.