गडकऱ्यांची सिंधू आणि आपली घरे

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास झाला. त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीस, नागपूरजवळच्या सावनेर येथे गडकरी निवर्तले होते. वयाची चौतीस वर्षेही पुरी न झालेल्या या नाटककाराला आपली सिंधू रंगमंचावर पाहता आली नाही. नाटकातली पदेही त्यांची नव्हेत. ती पुढे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. तरीही मराठी घराघरांत ‘तळीराम’ हा शब्द दारूबाजाचे सामान्यनाम होऊन बसला, तो या नाटकामुळेच. शंभर वर्षे उलटून गेली तरी हौशी मंडळी हे नाटक उभे करतात, आणि उपनगरांतील आपल्या धर्मग्रामांतही चर्चच्या सणाच्या निमित्ताने दारूवरचे नाटक बसवायचे ठरले की त्याच्यावर सिंधू-सुधाकराची सावली पडल्यावाचून राहत नाही. म्हणूनच या नाटकाकडे एकदा आपल्या दृष्टीने पाहावे असे आम्हांस वाटते. त्याचे वाङ्मयीन गुण थोर टीकाकारांनी यापूर्वीच सांगितले आहेत. आम्हांला विचारायचे आहे ते निराळे: या नाटकातील सिंधूला आपण आपल्या मुलींसमोर आदर्श म्हणून उभी करावी काय?

हे नाटक कोणत्या दिवसांत लिहिले गेले, तेही ध्यानात घेतले पाहिजे. १९१४ ते १९१८ या महायुद्धाच्या वर्षांत मराठी रंगभूमी ऐन भरात होती. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली, तिला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधविलेले पॅलेस थिएटर युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर १९१५ मध्ये उघडले. (पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले, ही बातमी वाचून नाट्यवेड्या माणसाला घरचे माणूस गेल्यासारखे झाले असेल.) मंडळ्या पडदे, पेट्या, आचारी आणि बिऱ्हाडे घेऊन आगगाडीने गावोगाव फिरत, रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे पुण्याची सहावी डिव्हिजन शरण गेली. तीत मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडच्या किती घरांतून त्या दिवशी आकांत झाला असेल! त्याच वर्षी गडकऱ्यांचे ‘पुण्यप्रभाव’ आणि खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगमंचावर आले. त्यांत त्या आकांताचा मागमूस नाही.

याचे कारण उघड आहे. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली होती, आणि १९१५ च्या डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याने तोंडे अधिकच बंद केली. सरकारविषयी बोलण्याची सोय नसली म्हणजे नाटककार घराविषयी बोलतो. धान्य महागले, कापड महागले, १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा शिरला आणि पुढे त्याने देशभर लक्षावधी माणसे नेली. अशा काळात प्रेक्षकाला रडायचे असते. मात्र स्वतःच्या दुःखावर नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी. इंग्लंडातही असेच घडत होते. तेथील लहानसहान शहरांत फिरत्या मंडळ्या युद्धकाळातही ‘ईस्ट लिन’सारखी जुनी अश्रुपाती नाटके करीत होत्या आणि ज्यांची मुले आघाडीवर होती त्या बाया रंगमंचावरल्या परक्या आईसाठी डोळे पुसत होत्या. अशा नाटकांना नाके मुरडणारे विद्वान तेथेही होते, येथेही होते. आम्ही त्यांच्यातले नव्हे. माणसाला रडू येऊ देणे हे लहान काम नव्हे. परंतु ज्या गोष्टीसाठी रडवले जाते ती गोष्ट खरी आहे की खोटी, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे.

कथा सर्वांस ठाऊक आहे. सुधाकर हा गरिबीतून वर आलेला बुद्धिमान वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सहा महिन्यांकरिता सनद जाते आणि अपमानाच्या त्या दाहात त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो. सिंधू श्रीमंताघरची. माहेरचा पैसा घ्यायचा नाही ही नवऱ्याची आण ती पाळते, दुसऱ्यांचे दळण दळते, उपाशी राहते. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकर काठी चालवतो. तान्हे मूल मरते, सिंधू मरणाला टेकते आणि फौजदार समोर आला असता आपणच पडलो असे सांगून नवऱ्याला वाचवते. सुधाकर विष घेतो. पडदा पडतो.

सुधाकराच्या अधःपाताचे चित्रण अस्सल आहे, याबद्दल आमच्या मनात संशय नाही. व्यसनाच्या मुळाशी जिभेची चटक नसून जखमी झालेला अहंकार आहे, हे गडकऱ्यांनी अचूक हेरले. संत अगुस्तीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या नवव्या भागात आपल्या आईची, संत मोनिकेची, जी हकिकत सांगितली आहे ती येथे आठवते. लहानपणी मोनिकेला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवीत. ती गंमत म्हणून ओठाला लावू लागली. रोजच्या थेंबाचा घोट झाला आणि घोटाचा पेला. एके दिवशी भांडणाच्या भरात एका दासीने तिला ‘दारूडी’ म्हटले. तो शब्द जिव्हारी लागून मोनिकेने ती सवय तत्क्षणी टाकली. गडकऱ्यांनी जे पाच अंकांत मांडले त्याचा पूर्वार्ध येथे अर्ध्या पानात आहे. मात्र उत्तरार्ध नेमका उलटा आहे. अपमानाने सुधाकर दारूकडे गेला. अपमानानेच मोनिका दारूपासून परत फिरली.

परत फिरणे हा शब्दच या नाटकाला मोठा अडचणीचा आहे. एकदा प्याला ओठाला लागला की सुटका नाही, असा या नाटकाचा सिद्धांत. पहिल्या पेल्याविषयी तो खराही आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे सभासद हेच सांगतात की व्यसनी माणसाला दहावा पेला नव्हे, पहिलाच पेला घातक. परंतु ते तेथे थांबत नाहीत. आजच्या पुरते, केवळ आजच्या पुरते, पहिल्या पेल्यापासून दूर राहायचे आणि आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःला सोपवायचे, असा मार्ग ते दाखवतात. गडकरी ज्या वर्षांत सुधाकराला मारीत होते त्याच वर्षांत डब्लिन शहरात मॅट टॅल्बट नावाचा एक मजूर रोज पहाटे मिस्साबलिदानाला जात होता. तरुणपणी तो अट्टल दारूडा होता. १८८४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने तीन महिन्यांची शपथ घेतली, नंतर ती आयुष्यभराची केली आणि १९२५ साली मरेपर्यंत, एकेचाळीस वर्षे, दारूला शिवला नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली त्याला ‘पूज्य’ म्हणून घोषित केले. सुधाकराजवळ काय नव्हते जे या अडाणी मजुराजवळ होते? बुद्धी तर सुधाकराजवळच अधिक होती.

आमच्या मते उत्तर नाटकातच आहे, आणि गडकऱ्यांच्या प्रतिभेची साक्ष तेथेच पटते. सुधाकर मध्यंतरी दारू सोडायचा निश्चय करतो. काम मागायला निघतो. प्रतिष्ठित माणसे त्याला झिडकारतात, हिणवतात, आणि तो परत गुत्त्याकडे वळतो. हा प्रवेश सबंध नाटकातला सर्वांत ख्रिस्ती प्रवेश आहे असे म्हटले तर वाचकांनी दचकू नये. कृपा आकाशातून एकटी उतरत नाही. ती माणसांच्या हातांतून येते, आणि सुधाकराच्या वाट्याला आलेले सगळे हात मागे घेतले गेले. आपल्या धर्मग्रामात एखाद्याने दारू सोडली तर पुढच्या सोमवारी त्याला कामावर कोण घेते? लग्नाच्या आदल्या रात्री, उंबराच्या पाण्याच्या गडबडीत, त्याच्या हातात सरबताचा पेला पाहून कोण हसते?

हसण्याचा प्रश्न थोडा मोठा आहे. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ हे मराठीतील विनोदाचे लखलखीत लेणे आहे, यात वाद नाही. पण प्रेक्षक घरी परततो तो तळीरामाची वाक्ये घोळवीत. दारूच्या निषेधाचे नाटक दारूड्यांच्या मैफलीत सांगितले जाते, ही गंमत नव्हे. आपल्या गोमंतकीय बांधवांच्या तियात्रातही, ज्याचा जन्म १८९२ साली आपल्या मुंबईतच झाला, ‘बेबदो’ हे हुकमी हशा मिळवणारे पात्र आहे. तो झोकांड्या खात आला की मांडव हसतो. प्रत्यक्षात काय होते ते आपण उपनगरवासीयांनी पाहिले आहे. २००४ सालच्या अखेरीस विक्रोळीत आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने घरेच्या घरे उजाड केली. मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या वस्त्यांतून तळीराम कसा दिसत असेल?

आता सिंधूकडे वळू. बालगंधर्वांनी ती उभी केली आणि महाराष्ट्राने तिची पूजा केली. फाटक्या वस्त्रांतली ती माउली गाऊ लागली की प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ येई. या गोष्टीचा आम्हांस नेहमीच विषाद वाटत आला आहे. मार खाणाऱ्या, उपाशी स्त्रीच्या दुःखाला ‘पुन्हा एकदा’ म्हणणारा प्रेक्षक सहृदय असेल, पण त्याच्या सहृदयतेत काही तरी बिघडलेले आहे. दुःख गोड लागू लागले म्हणजे ते थांबवण्याची इच्छा उरत नाही. मेलोड्रामाचा हाच दोष, आणि तो संगीताने दुणावतो.

सिंधूचे सोसणे म्हणजे ख्रिस्ताने सांगितलेला क्रूस नव्हे काय, असे कोणी विचारील. प्रवचनपीठावरूनही कधी कधी असाच सल्ला ऐकू येतो. त्याला संत मोनिकेचे उदाहरण जोडले जाते. तिचा पती पॅट्रिशियस तापट होता, बाहेरख्याली होता. तिने सोसले, आणि अखेर तो ख्रिस्ती झाला. हे सर्व खरे. परंतु अगुस्तीन यांनी तेथेच नोंदवून ठेवले आहे की पॅट्रिशियसने तिच्यावर हात टाकल्याचे कोणी कधी ऐकले नव्हते. तोंडावर मारहाणीचे वळ घेऊन येणाऱ्या शेजारणींना मोनिकेने दिलेला उपदेश, की विवाहाच्या करारानेच आपण दासी झालो आहोत, हा रोमन समाजाचा उपदेश होता, शुभवर्तमानाचा नव्हे. संताची प्रत्येक उक्ती श्रद्धेचा भाग नसते.

ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो ते पाहावे. योगायोग असा की गडकरी हे नाटक लिहीत होते त्याच सुमारास, २७ मे १९१७ रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी धर्मसंहिता प्रसृत केली. तिच्या ११३१ व्या कलमाने क्रूरतेमुळे सहजीवन असह्य झाल्यास, अथवा शरीरास वा आत्म्यास गंभीर धोका असल्यास, निरपराध जोडीदाराला विभक्त राहण्याची मुभा दिली. १९८३ च्या संहितेत ते ११५३ वे कलम आहे, आणि त्यात जोडीदाराबरोबर मुलांच्या धोक्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’त काही प्रसंगी विभक्त होणे नैतिक दृष्ट्या आवश्यक ठरते असे म्हटले. विवाहबंध अतूट आहे. म्हणून काठीखाली राहणे बंधनकारक आहे असे मात्र नव्हे. या दोहोंतला भेद आपल्या कुटुंबांत अजूनही पुरता रुजलेला नाही, आणि तो न रुजण्यात अशा नाटकांचा वाटा आहे.

राहिला तो फौजदारासमोरचा प्रसंग. तेथे प्रेक्षकांच्या डोळ्यांना धारा लागतात. सिंधूने स्वतःवरील घाव क्षमा केला, तो तिचा अधिकार होता. क्षमा ही देणाऱ्याची असते. पण त्या खोलीत आणखी एक देह पडला आहे. त्या तान्ह्या जिवाच्या वतीने खोटे बोलण्याचा अधिकार तिला कोणी दिला? येशूने क्रूसावरून मारेकऱ्यांना क्षमा केली, परंतु जे घडले ते घडलेच नाही असे तो म्हणाला नाही. सत्य लपवून दिलेली क्षमा अपराध्यालाही तारत नाही, हे गडकऱ्यांना आतून कळले असावे. कारण सिंधूच्या त्या असत्याने सुधाकर वाचत नाही, विषाचाच पेला घेतो. प्रायश्चित्ताची वाट त्याच्यापुढे उरलेलीच नाही. पापनिवेदन नाही, दंड नाही, नवे जीवन नाही. तुरुंगातला सुधाकर कदाचित टॅल्बट झाला असता.

सिंधूच्या शेजारी नाटककाराने गीताही ठेवली आहे, तळीरामाची बायको. ती बोलते, फटकारते, गप्प बसत नाही. टीकाकारांनी तिच्याकडे विनोदी पात्र म्हणून पाहिले. आम्हांला ती या नाटकातली सर्वांत शहाणी स्त्री वाटते. आणि भगीरथ हा दारूतून बाहेर पडलेला तरुण. नाटकाचा सिद्धांत एकीकडे सुटका नाही म्हणतो आणि नाटककाराची लेखणी दुसरीकडे सुटलेला माणूस उभा करते. मोठ्या लेखकाचे असेच होते. त्याची पात्रे त्याच्या सिद्धांताहून खरी निघतात.

आजकाल पाचही अंक कोणी करीत नाही. दोन-अडीच तासांत बसवायचे म्हणून कात्री लागते, ती बहुधा शरद-भगीरथाच्या उपकथानकाला. आपल्या तरुण मंडळींनी हे नाटक हाती घेतले तर त्यांनी कात्री आर्य मदिरा मंडळाच्या बैठकांना लावावी, पदे एकदाच म्हणावीत, काम मागायला निघालेल्या सुधाकराचा प्रवेश अक्षरही न गाळता करावा, आणि भगीरथाला रंगमंचावर राहू द्यावे.